होय म्हणू?

पप्पांचा फोन बहुतेक सकाळी दहाच्या सुमाराला यायचा, नेमकी माझी मीटिंग सुरू असताना. "अरे, परत ती पाटी आलीय बघ. होय म्हणू?" मी माइक म्यूट करून म्हणायचो, "होय म्हणा." पलीकडून माउसचा टक् असा आवाज, मग "आले, आले मेल" आणि फोन बंद. दर दोन-अडीच महिन्यांनी हे व्हायचं. पाटीवर काय लिहिलंय हे त्यांनी पहिल्या दोन वेळा अडखळत वाचून दाखवलं होतं. तिसऱ्या वेळेपासून त्यांनी वाचणं सोडलं आणि मी विचारणं.

इचलकरंजीत आमची सुताची पेढी आहे. तळमजल्यावर पेढी, मागे गोदाम, वर आम्ही. तमिळनाडूतल्या गिरण्यांकडून सूत घ्यायचं आणि इथल्या मागवाल्यांना उधारीवर द्यायचं, हा आजोबांपासूनचा धंदा. पूर्वी मध्ये एक दलाल असायचे. मी त्यांना काका म्हणायचो. गिरणीशी बोलणं, भाव ठरवणं, पैसे पोचले का बघणं, सगळं ते करायचे. तमिळ यायचं, हिंदी यायचं, कानडी तर घरचीच. बाचक्यामागे त्यांची दलाली ठरलेली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात असताना मी हिशेब मांडून पप्पांना दाखवलं होतं की वर्षाला एवढी दलाली जाते, त्यापेक्षा गिरणीशी सरळ मेलवर बोला, मधला माणूस कशाला? काका पुढे थकले, त्यांनी काम कमी केलं, आणि पप्पांनी खरंच मेल सुरू केला. डोमेन मीच घेऊन दिलं, एका छोट्या होस्टिंगवाल्याकडे.

२०१९ मध्ये पुण्यात नोकरी लागली. पहिल्या पगारात आईला साडी घेतली आणि पप्पांना अँटिव्हायरस. तीन कॉम्प्युटरचं लायसन्स होतं, पेढीवर कॉम्प्युटर दोनच. दिवाळीच्या सुट्टीत लक्ष्मीपूजनाआधी दोन्हींवर बसवला. वहीपूजनाला वहीशेजारी ते लायसन्सचं रिकामं खोकंही पप्पांनी ठेवलं होतं, त्यावर हळदकुंकू वाहिलेलं मला आठवतं.

आता त्या पाटीबद्दल सांगायला हवं.

दिवाणजींच्या कॉम्प्युटरवर आउटलुक होतं, कारण ते एक्सेलच्या जोडीला आलं होतं. पप्पांच्या कॉम्प्युटरवर मी थंडरबर्ड बसवलं होतं, कारण तेव्हा मी फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअरचा कडवा कार्यकर्ता होतो. अँटिव्हायरस बसवल्यावर दिवाणजींचे मेल मुकाट येत राहिले. पप्पांच्या थंडरबर्डने मात्र लगेच तक्रार केली: या सर्व्हरचं सर्टिफिकेट मला ओळखीचं वाटत नाही, अपवाद करायचा का? तीच ती पाटी.

मेल तपासण्याची ही पद्धत जुनी आहे. एकेकाळी मेल सर्व्हरकडून आपल्याकडे उघडा यायचा, पोस्टकार्डासारखा. ११० नंबरच्या पोर्टवरून तो आत येताना अँटिव्हायरस वाटेत उभा राहून वाचायचा, काही वावगं असेल तर काढून घ्यायचा. पुढे मेलचा प्रवास एन्क्रिप्टेड झाला. ९९५, ९९३ या पोर्टांवरून बंद लिफाफा येऊ लागला आणि वाटेतल्या या पहारेकऱ्याला आतलं काही दिसेना. काही अँटिव्हायरस मग सांगायचे की मेल प्रोग्रॅममधलं एन्क्रिप्शन तुम्हीच बंद करा, सर्व्हरपर्यंतचं आमच्यावर सोपवा. बहुतेकांनी नंतर दुसरी वाट काढली. सर्व्हरकडून आलेला लिफाफा अँटिव्हायरस आपल्याच कॉम्प्युटरवर फोडतो, वाचतो, नव्या लिफाफ्यात घालतो, त्यावर स्वतःचा शिक्का मारतो आणि मेल प्रोग्रॅमला म्हणतो, हे घे, सर्व्हरकडून आलंय. आमच्या धंद्याच्या पुस्तकांत बरोबर हीच कृती चोराचा एक डाव म्हणून शिकवतात. फरक इतकाच की इथे चोर आपण पैसे देऊन घरात ठेवलेला असतो.

शिक्का खरा की खोटा हे प्रोग्रॅम ठरवतो हमीदारांच्या यादीवरून. आउटलुकची स्वतःची यादी नाही, ते विंडोजला विचारतं. अँटिव्हायरसने बसतानाच विंडोजच्या यादीत स्वतःचं नाव हमीदार म्हणून घुसवलेलं असतं, त्यामुळे विंडोज म्हणतं ओळखीचा आहे, येऊ दे. दिवाणजींच्या ब्राउझरचंही तसंच. कुलपाचं चित्र जागेवर असायचं. त्यावर क्लिक करून सर्टिफिकेट कोणी दिलं हे पाहिलं, की तिथे अँटिव्हायरसचं नाव. असं क्लिक जगात कोणी करत नाही. थंडरबर्ड मात्र तेव्हा आपली यादी आपल्याजवळ ठेवायचं आणि विंडोजला आपण होऊन विचारायला जात नसे. म्हणून ते ओरडलं. पेढीवरच्या प्रोग्रॅमांमध्ये तेवढा एकच खरं बोलत होता आणि मी पप्पांना त्यालाच गप्प करायला सांगत होतो.

पाटी परत परत का यायची, याचंही कारण साधं. आमच्या होस्टिंगवाल्याचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं होतं. ती फुकट असतात, तेव्हा ९० दिवसांची असायची आणि मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी बदलायची. तिकडे खरं बदललं की इकडे अँटिव्हायरस नवी नक्कल बनवायचा, आणि पप्पांनी मागच्या वेळी केलेला अपवाद जुन्या नकलेसाठी असल्यामुळे थंडरबर्ड पुन्हा विचारायचं. हे मला माहीत होतं. एकदा बसून नीट करायला अर्धा तास लागला असता. तो अर्धा तास मला वर्षभर मिळाला नाही. त्या वर्षात पप्पांनी पाचेक वेळा "होय" म्हटलं. कॉम्प्युटर लाल-पिवळं काही दाखवायला लागला की होय म्हणायचं, मेल येतात, हे त्यांच्या हाताला कळलं.

२०२० मध्ये लॉकडाउनमुळे घरून काम करत होतो, तेव्हा एका रविवारी ते नीट केलं. नीट म्हणजे काय, तर अँटिव्हायरसचं मूळ सर्टिफिकेट थंडरबर्डच्याही यादीत हमीदार म्हणून आयात केलं. पाटी कायमची गेली. मी वाचलं नव्हतं असंही नाही. २०१५ मध्ये लेनोव्होच्या लॅपटॉपांवर सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर सापडलं होतं. त्यानेही असाच स्वतःला हमीदार करून घेतलं होतं आणि सगळ्या लॅपटॉपांवर खासगी किल्ली एकच होती. रॉबर्ट ग्रॅहम या सुरक्षा संशोधकाने तिचा पासवर्ड शोधून काढला, तर तो त्या तंत्राचा भाग पुरवणाऱ्या कंपनीचंच नाव निघाला. २०१७ मध्ये झाकिर ड्युरुमेरिक आणि सहकाऱ्यांनी वाटेतल्या या लिफाफेफोडीवर शोधनिबंध लिहिला. तपासणी करणारी कित्येक उत्पादनं मूळ कनेक्शनपेक्षा कच्चं कनेक्शन करतात, असं त्यांना दिसलं. हा निबंध मी ऑफिसच्या एका ब्राउन बॅग सेशनला स्लाइड्स करून सांगितला होता. टाळ्या मिळाल्या होत्या. घरी बसवताना तो आठवला आणि मी म्हटलं, पप्पांना हे परवडतं. नाहीतर ते कुठलीही झिप उघडतील.

त्याच रविवारी सेटिंगमध्ये आणखी एक चौकट दिसली: तपासलेल्या, निर्दोष मेलखाली तशी टीप घालावी का? मी टिक केलं. त्या दिवसापासून पप्पांच्या प्रत्येक मेलच्या खाली एक ओळ येऊ लागली, शेजारी हिरवी खूण: हा मेल तपासला आहे, व्हायरस नाही. ओळ इंग्रजीत होती. मी पप्पांना अर्थ सांगितला. सांगताना "व्हायरस नाही" असं म्हटलं की "तपासलंय, चिंता नाही" असं म्हटलं, हे मी नंतर खूपदा आठवून पाहिलंय. दुसरंच म्हटलं असणार. घरच्या माणसाला आपण तसंच सांगतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये गिरणीकडून मेल आला. आमच्या मागच्या बिलाचा नंबर बरोबर, रक्कम बरोबर, खाली आमचाच आधीचा सगळा पत्रव्यवहार जोडलेला. वर चार ओळी: आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, तरी या वेळचे पैसे सोबतच्या नव्या खात्यावर पाठवावेत. पप्पांनी ४ लाख ८६ हजार रुपये आरटीजीएस केले. नवव्या दिवशी गिरणीच्या हिशेबनिसाचा फोन आला, पैसे कधी पाठवताय म्हणून.

मला त्यांनी लगेच कळवलं नाही. दिवाणजींनी कळवलं, तेही हळू आवाजात, बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. १९३० ला फोन, पोर्टलवर तक्रार, पोलीस ठाणं, बँकेत अर्ज. असा फोन पहिल्या काही तासांत केला तर उपयोग होतो. नऊ दिवसांत पैसे त्या खात्यातून चार खात्यांत आणि तिथून कुठे कुठे गेले होते. ७१ हजार एका ठिकाणी अडकवता आले. पोलिसांनी मेलचा हेडर मागितला तेव्हा त्या खोलीत हेडर म्हणजे काय हे माहीत असलेला मी एकटाच होतो, याचाही त्या क्षणी मला जरा अभिमान वाटला. माणूस कसा असतो बघा.

मेल गिरणीच्या डोमेनवरून आलाच नव्हता. गिरणीच्या नावात इंग्रजी 'एम' आहे. चोराने त्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी लिहून नवं डोमेन घेतलं होतं. थंडरबर्डच्या बारीक अक्षरात मलाही दुसऱ्यांदा बघितल्यावर दिसलं. नव्या डोमेनवर सगळे सोपस्कार चोख होते, एसपीएफ पास, डीकेआयएम पास. आमचा पत्रव्यवहार कोणीतरी कुठेतरी बसून बरेच दिवस वाचत होतं, बहुधा गिरणीच्या बाजूने. व्हायरस? मेलला साधी फाइलसुद्धा जोडलेली नव्हती. नुसता मजकूर. आणि त्याच्या खाली आमच्या अँटिव्हायरसची हिरवी खूण.

"खाली लिहिलं होतं की तपासलंय म्हणून," पप्पा म्हणाले. तक्रारीच्या सुरात नाही. मी का पाठवले, हे समजावून सांगत होते.

चार दिवस रजा टाकून मी पेढीवर बसलो. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून चाचण्या केल्या. आयकारची चाचणी फाइल असते, फक्त ६८ अक्षरांची. निरुपद्रवी आहे, पण हिला व्हायरस म्हणायचं असं सगळ्या अँटिव्हायरसवाल्यांनी मिळून ठरवलंय, आगीचा भोंगा वाजतो का बघायला उदबत्ती धरावी तशी. मोठ्या मेल सेवा ती पाठवूच देत नाहीत, म्हणून माझ्या छोट्या सर्व्हरवरून पाठवली. आउटलुकमध्ये पकडली गेली. तिथे अँटिव्हायरस प्रोग्रॅमच्या आतच प्लगइन होऊन बसलेला, लिफाफा आधीच उघडलेला. थंडरबर्डमध्येही पकडली गेली, मी तीन वर्षांपूर्वी केलेल्या कृपेने. मग मेलची तपासणी बंद केली, तो हमीदार यादीतून काढला आणि पुन्हा पाठवली. या वेळी फाइल बिनबोभाट इनबॉक्समध्ये येऊन पडली. पडली आणि पडूनच राहिली. तिथे ती काहीच करू शकत नव्हती. डेस्कटॉपवर सेव्ह करायला गेलो त्याच क्षणी अँटिव्हायरसच्या नेहमीच्या फाइलवरच्या पहाऱ्याने तिची मान धरली. म्हणजे वाटेतली ती सगळी लिफाफेफोड नसती, तरी दारावर ती पकडली गेलीच असती. मेल तपासणं बंद ठेवलं तरी चालतं असं जाणकार लोक वर्षानुवर्षं सांगत आलेत. मी ते स्वतः करून पाहायला ४ लाख १५ हजार लागले.

एक प्रसंग मात्र अंगावर काटा आणणारा झाला. ती चाचणीची फाइल तशीच इनबॉक्समध्ये ठेवून मी कॉम्प्युटरचं पूर्ण स्कॅन लावलं आणि जेवायला गेलो. येऊन बघतो तर अँटिव्हायरस विचारतोय: 'इनबॉक्स' नावाच्या फाइलमध्ये व्हायरस आहे, क्वारंटाइन करू? थंडरबर्ड एका फोल्डरमधले सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये ठेवतं. ती एक फाइल उचलली की पप्पांची पाच वर्षं उचलली गेली. पप्पा खुर्चीत होते. त्यांचा हात माउसकडे गेलेला मी पाहिला. "होय म्हणू?" त्यांनी विचारलं. मी इतक्या जोरात "नको" म्हणालो की दिवाणजी उठून उभे राहिले.

खरं एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणाऱ्याने बंद केलेलं आणि फक्त घेणाऱ्याला उघडणारं, तेही करून बघावं असं वाटलं. २०२० च्या थंडरबर्ड ७८ पासून ओपनपीजीपी आतच मिळतं. त्यात अँटिव्हायरसला वाटेत नुसता अगम्य मजकूर दिसतो, काय तपासायचं ते उघडल्यावर तपासा. सहीमुळे तो आर-एनवाला एम पहिल्याच मेलला उघडा पडला असता. मी गिरणीच्या हिशेबनिसाला फोन करून दहा मिनिटं इंग्रजीत समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, त्यापेक्षा फोन करून खातं नंबर विचारलात तर नाही का चालणार?

दलाल काका त्याच संध्याकाळी भेटायला आले. थकलेत, काठी घेऊन चालतात. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. बराच वेळ पप्पांशी सुताच्या भावाबद्दल बोलले, उठताना म्हणाले, "त्या गिरणीचं खातं तीस वर्षं त्याच बँकेत आहे. म्हाताऱ्या मालकाचा साडूच मॅनेजर होता तिथं." मी चपला शोधून द्यायला खाली वाकलो, ते बरंच झालं.

आता जे सांगणार आहे ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

पोलिसांना द्यायला म्हणून मी पप्पांचा सगळा मेल वाचला. चोर नक्की कधीपासून मध्ये शिरला हे शोधायचं होतं. आलेले वाचले, मग पाठवलेले वाचले. पप्पांचं इंग्रजी मी पहिल्यांदाच इतकं सलग वाचलं. शाळेत शिकलेली तीन-चार वाक्यं, 'विथ रिस्पेक्ट टू अबव्ह सब्जेक्ट' आणि पुढे काम. मार्च २०२२ चा एक मेल गावातल्या एका बँकेला होता. गोदाम तारण ठेवून आठ लाखांचं कर्ज, कागदपत्रं सोबत जोडली आहेत. मार्च २०२२ मध्ये मी पुण्यात फ्लॅट बुक केला होता आणि डाउन पेमेंटला आठ लाख कमी पडत होते. पप्पा म्हणाले होते, एफडी मोडली, तसंही व्याज काय मिळतंय. मी तेव्हा त्यांना एफडीपेक्षा म्युच्युअल फंड कसे बरे यावर व्याख्यान दिलं होतं. पाठवलेल्या मेलमध्ये पुढे दर तिमाहीला बँकेला एक ओळ होती, हप्ता भरला, पावती पाठवावी. सप्टेंबर २०२३ ला नव्हती. त्या महिन्यात हप्ता भरायला पैसे नसणार.

अँटिव्हायरसने यातला प्रत्येक मेल माझ्या आधी फोडून वाचला होता. त्याला फक्त व्हायरस बघायचा होता, नव्हता, म्हणून खाली खूण करून तो पुढच्या मेलकडे गेला. मी ते फोल्डर बंद केलं आणि पुन्हा उघडलं. तीन वेळा. माझं नाव त्या मेलमध्ये एकदाच होतं, 'पर्पज ऑफ लोन'च्या पुढे, स्पेलिंग चुकलेलं.

थंडरबर्डमधून तो हमीदार काढलाय, खालची हिरवी ओळही बंद केलीय. फाइलवरचा पहारा तेवढा ठेवलाय. खातं नंबर बदलला असं कोणीही कळवलं तरी आधी जुन्या नंबरवर फोन करायचा, असा पुठ्ठा दिवाणजींनी मॉनिटरच्या वर चिकटवलाय, मराठीत. दर महिन्याच्या पाच तारखेला मी पप्पांच्या खात्यात पैसे पाठवतो. चोरीत माझाही दोष आहे, तेवढे तरी भरू द्या, असं सांगून. ते दर वेळी नको म्हणतात, दर वेळी ठेवून घेतात, आणि बँकेला पुन्हा पावती मागणारे मेल जाऊ लागले असतील का, हे मी उघडून बघत नाही. पासवर्ड माझ्याकडे आहे.

त्या चौथ्या दिवशी रात्री बसस्टँडला सोडायला आले होते. गाडी लागेपर्यंत शेजारी उभे राहिले.

"सगळं वाचलंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"काय सापडलं का?"

"नाही," मी म्हणालो. "व्हायरस नव्हताच."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि माझी बॅग कंडक्टरकडे द्यायला पुढे गेले.